एक्केचाळीस आणि बेचाळीस

"मावशी, लवकर ये! पोट आलंय, पोट!"

बाहेरच्या कुणाला वाटलं असतं, पोरगी माझ्या ढेरीबद्दल बोलतेय. आमच्या लॅबमध्ये पीएचडी करणाऱ्या अनिकाने मला ओढत मायक्रोस्कोपपाशी नेलं. काचेखाली फळमाशीचा भ्रूण होता, तांदळाच्या कणीहून लहान, आणि त्याला खरंच पोटाची बाजू होती.

सांगते. फळमाशीच्या भ्रूणाच्या पृष्ठभागावर एक रिसेप्टर असतो, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन. त्याला एका बाजूने निरोप मिळतो आणि त्या बाजूला पोट घडतं. हा रिसेप्टर आईकडून येतो. आईतच तो बिघडलेला असेल तर आई धडधाकट असते, पण पिल्लू नुसतं पाठच पाठ. ते जगत नाही. अशा आयांचा वाण म्हणजे आमचा एक्केचाळीस नंबर; थंड कपाटात त्यांचा रिसेप्टर कसाबसा चालतो म्हणून वाण टिकतो, प्रयोगाला उबेत आणला की बिघडतो. या आयांमध्ये अनिकाने स्वतः घडवलेला रिसेप्टर घातला होता आणि तो चालला, असं दिसत होतं. तिने लगेच फ्रिस्को गावी आईबाबांना फोन लावला.

मी या लॅबमध्ये एकोणीस वर्षं माश्या सांभाळते. त्यांचं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. दर महिन्याला नव्या बाटलीत हलवायच्या, नाहीतर वाण बुडाला. इथल्या हर्नडन गावातल्या मराठी बायका विचारतात, तू नक्की करतेस काय? मी म्हणते, माश्या मारत नाही एवढं खरं.

त्याच दुपारी लॅबमधला दुसरा विद्यार्थी नकुल कुरकुरत आला. तो गेल्या आठवड्यापासूनच बेचाळीस नंबर वापरतोय, आणि त्या वाणाला पोट असायलाच हवं.

"मावशी, माझे एम्ब्रियो सगळे पाठच पाठ येतायत यार. समथिंग इज रॉंग."

मी दोन्ही बाटल्या काढल्या, अंडी घेतली, दोन दिवस तपासत बसले. शंका उरली नाही. एक्केचाळीसच्या चिठ्ठीखाली बेचाळीसच्या माश्या होत्या आणि बेचाळीसच्या चिठ्ठीखाली एक्केचाळीसच्या. वहीत पाहिलं, माझ्याच अक्षरातल्या नोंदीत नंबर उलटे पडले होते; अदलाबदल मार्चमध्ये झाली होती. माझ्या नवऱ्याच्या, नरेंद्रच्या, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही.

म्हणजे अनिकाच्या माश्या मुळात बिघडलेल्या नव्हत्याच. पोट येणारच होतं.

चिठ्ठ्या परत बदलायला दोन मिनिटं लागली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मग पुढचे प्रयोग फसले असते आणि पोरीने स्वतःलाच दोष दिला असता. ते मला सहन झालं नसतं. मी तिला खुर्चीत बसवलं आणि सांगून टाकलं.

तिने बाटली उचलून चिठ्ठी वाचली.

"सात महिने, मावशी," ती म्हणाली. "थिसिसचा अर्धा भाग आहे तो."

"हो गं."

"इट्स ओके," म्हणाली, पण माझ्याकडे न बघता उठून गेली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

प्रोफेसरबाईंनाही मीच सांगितलं. त्या भल्या आहेत. म्हणाल्या, तू थकली आहेस, वाण आता नकुल बघेल, तू माश्यांचं खाणं शिजवत जा. मक्याचं पीठ, काकवी, यीस्ट. पिठलं ढवळल्यासारखं ढवळायचं आणि बाटल्यांत ओतायचं. एकोणीस वर्षांनी मी स्वयंपाकघरात परत आले.

अनिकाने खऱ्या एक्केचाळीसवर प्रयोग पुन्हा मांडला. दीड महिना ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी मात्र रोज सकाळी देवापुढे उभी राहून माशीच्या पोटासाठी हात जोडत होते.

एका गुरुवारी मी बाटल्या भरत असताना ती आली आणि दारातच थांबली.

"नाही आलं, मावशी. सगळे पाठच पाठ."

मी भांडं खाली ठेवलं. ती आत आली, शेजारी बसली, कापसाचे बोळे घेतले आणि भरलेल्या बाटल्यांच्या तोंडाशी एकेक बसवू लागली. एक ट्रे झाला, दुसरा झाला.

"मावशी, काका गेले तेव्हा सुट्टी का नाही एक्स्टेंड केलीस? कशाला आलीस कामाला?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"घरी कोण होतं गं?" मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि तिसरा ट्रे पुढे ओढला.