मऊ रबर

धोंडूने उभ्या टायरवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं आणि कान लावला.

“काय बाबा, पिकलाय का फणस?” करुणा म्हणाली.

“हस तू. फणस काय नि टायर काय, आवाजातच कळतं. हा बघ, कसा ठणठणीत हाय. हाच घेऊया.”

दुकानाचा मालक समर्थ तोंडावर हात धरून हसू लपवत होता. मी पंख्याखाली स्टुलावर बसलो होतो. धोंडू मोहिते आणि मी देवरूखला सातवीपर्यंत एका बाकावर बसलेले. पुढे तो बांधकाम खात्यात मैलकुली झाला. खड्डे भरायचे, गटारं उपसायची, रस्त्याकडेचं गवत कापायचं, असं काम त्याने निवृत्त होईपर्यंत केलं. मी वाचनालयात पुस्तकं देऊ-घेऊ लागलो. “तू वाचतोस, तू चल,” एवढं म्हणून त्याने मला आज रत्नागिरीला आणलं होतं. मी खरोखरच एका मासिकात टायरांवरचा लेख वाचला होता. दुकानात शिरल्यावर मात्र त्यातलं एक वाक्य धड आठवेना. आठवलं असतं तरी ते बरोबर आहे याची खात्री वाटली नसती.

खरेदी करुणाच्या गाडीसाठी होती. करुणा धोंडूची एकुलती एक मुलगी. लडाखकडचे डोंगरातले रस्ते सांभाळणाऱ्या खात्यात ती अभियंता आहे. खात्याच्या गाड्यांतून फिरून तिने तिथे एक हिवाळा काढला होता. आता सुट्टीवर येऊन तिने स्वतःची गाडी घेतली होती. कुणाच्या तरी हातून उतरलेली, पण तिच्या पगारातली, आणि त्यांच्या वाडीतली पहिली चारचाकी. ती घेऊन ती परत कामावर निघायची होती.

“टायर मात्र मी घालणार,” असं धोंडूने आधीच जाहीर केलं होतं. त्यावर त्याची अट होती. टायर असे हवेत की मे महिन्यात आमच्या तापलेल्या डांबरावर आणि जानेवारीत तिकडच्या बर्फावर, दोन्हीकडे चालले पाहिजेत. कारण करुणा दर मे महिन्यात गाडी घेऊन घरी येणार होती. निदान धोंडूने तसं वाडीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. वाडीत कसलं, देवरूखच्या आठवडी बाजारातसुद्धा.

“काका, तुम्ही वाजवलात ना, तो उन्हाळ्याचा,” समर्थ म्हणाला. “आपल्याकडे सगळे हाच घालतात. रबर कडक असतं, तापलं तरी लवकर झिजत नाही. पण थंडीत ते आणखी आखडतं. बर्फावर काय धरणार?”

“मग?”

“हा मधला. बारमाही. इथेही चालतो, तिथेही चालतो.”

“आणि तो?” करुणाने काउंटरवरच्या एका काळ्या तुकड्याकडे बोट केलं.

“तो फक्त थंडीचा. नमुना आहे, कंपनीच्या माणसाने दिलेला. टायर हवे तर मागवावे लागतील. कितीही थंडी पडू दे, मऊ राहतो. पण आपल्या मे महिन्यात फिरवलात तर खोडरबरासारखा संपेल. आता एकदा घेऊन जाल तिथवर ठीक. दर उन्हाळ्यात ये-जा करायची तर नका घेऊ, ताई.”

“सांगितलं की नाय!” धोंडूने मांडीवर थाप मारली. “बारमाही. विषय संपला.”

करुणाने तो थंडीचा तुकडा उचलला होता. अंगठ्याने दाबून पाहत होती. मग तिने तो हलकेच काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, “हो बाबा. मधलेच घेऊ.”

मला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण दोन जाणत्या माणसांच्या मध्ये मी काय बोलणार, म्हणून मी पंख्याकडे पाहिलं. धोंडू मात्र करुणाच्या हाताकडे पाहत होता. थाप मारलेला त्याचा हात मांडीवरच राहिला होता.

“समर्थ,” तो म्हणाला, “तिन्हींचे तुकडे हायत काय तुझ्याकडं? घटकाभर दे. मिरकरवाड्यात जाऊन येतो.”

“टायरचे तुकडे घेऊन? लोक बांगडे आणायला जातात हो मिरकरवाड्यात!”

“मला बर्फ बघायचाय.”

मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात धोंडूच्या गावचा धाकू कामाला होता. आम्ही पोचलो तेव्हा तो लोखंडी आकड्याने बर्फाच्या लाद्या ओढत होता. बाहेर ट्रॉलर लागले होते, लिलावाचा कालवा चालला होता, आणि आत इतका गारवा की मी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली.

“आयला, धोंडू! वाट चुकलास काय?” धाकू ओरडला. “आणि ही कोण, करुणा? केवढी झालीस गो!”

“साहेब झालीय ती,” धोंडू म्हणाला. “रस्त्यांची साहेब. मी खड्डे भरायचो, ही डोंगर फोडते.”

“म्हणजे धंदा तोच की रे. बापानं बंद केलान, लेकीनं दुकान मोठं केलान.”

“तू बोल किती बोलायचंय ते. पण हे तुकडे तुझ्या टाकीत सोड. मिठाच्या पाण्याच्या.”

धाकूने तुकडे उलटसुलट केले. “वास तर नाय मारत. कुठला मासा?”

“चारचाकी मासा. सोड मुकाट्यानं.”

बर्फाचे डबे ज्या खाऱ्या पाण्यात उभे असतात ते पाणी बर्फाहूनही गार, तरी गोठत नाही. धाकूने तिन्ही तुकडे तारेत ओवून टाकीत सोडले आणि आम्हाला बाहेर चहाला नेलं. चहा होईपर्यंत तो करुणाला एकेक विचारत राहिला. तिकडे भात मिळतो काय, मासळी मिळते काय, तोंड धुवायला पाणी तरी पातळ असतं काय. ती हसत उत्तरं देत होती. धोंडू नेहमीसारखा मध्येमध्ये पडला नाही. त्याचा चहा थंड झाला.

तार वर काढल्यावर त्याने आधी स्वतः ठणठणीत ठरवलेला तुकडा घेतला. वाकवायला गेला, वाकेना. टाकीच्या कडेवर आपटला तर लाकडासारखा खट्ट वाजला. दुसरा तुकडा, बारमाही, वाकला. पण ज्या माणसाला नको म्हणायचं असतं आणि तोंडावर म्हणवत नाही, तसा जेमतेम. तिसरा त्याच्या बोटांत मऊ राहिला. दुमडला, सोडला की पुन्हा जागेवर.

धोंडूने तो तीन-चारदा दुमडला. हात गारठून लाल झाले तरी खाली ठेवला नाही.

“तुला हे ठाव होतं,” तो करुणाला म्हणाला.

ती बाकीचे दोन तुकडे उचलून पुसू लागली.

“दुकानात तुझा हात ह्याच्यावर गेला होता. मग मधला कशाला बोललीस?”

“तुम्ही वाडीत सगळ्यांना सांगितलंय ना बाबा. गाडी येणार म्हणून. आई सांगत होती, तुम्ही अंगणातला चौथरा फोडून गाडीपुरती जागा केलीत.”

“ते मी सांगितलं. बोलणारा मी हाय. बर्फावर गाडी कोण चालवणार, मी?”

“मधलाही चालतो. जपून चालवलं की झालं.”

“जपून!” धोंडूचा आवाज चढला. “खाली दरी, वर बर्फ, आणि तू तिथं बापाचा शब्द जपत गाडी चालवणार?”

धाकूने आकडा खाली ठेवला. मी चष्मा पुसत राहिलो.

“हे घेतले तर गाडी इथे यायची नाही, बाबा,” करुणा हळूच म्हणाली. “मी येईन विमानाने, रेल्वेने, जशी जमेल तशी. पण गाडी तिथेच राहील.”

“राहू दे. गाडी नोकरीला लागली असं समज. नोकरीला गेलेलं माणूस जिथं हाय तिथल्या हवापाण्याचं व्हायला लागतं. आपली अर्धी वाडी मुंबईची झाली, ती काय उगीच?” मग तो माझ्याकडे वळला. “काय रे, तुझ्या त्या लेखात काय लिहिलेलं?”

“हेच,” मी म्हणालो. “बहुतेक हेच.”

“मग मघाशी तोंड शिवलेलं काय तुझं?”

करुणा हसली आणि तिने मान वळवून डोळे पुसले. धाकू म्हणाला, टाकीजवळ उभं राहिलं की येतंच पाणी डोळ्यांत, अमोनियाचा वास असतो.

टायर मागवले. ते येईपर्यंत करुणाची सुट्टी संपत आली. निघायच्या दिवशी वाडीतली झाडून सगळी माणसं जमली. बहुतेकांची भातकापणी चालली होती. विळे हातात घेऊनच बायका आल्या होत्या. कमलाबाईंनी, म्हणजे करुणाच्या आईने, घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्ती लावली, सगळ्यांनी त्रिसरण म्हटलं. मग कोकमं, कुळथाचं पीठ, सुकट, सांडगी मिरची असं जे जे गाडीत मावेल ते ते कोंबणं सुरू झालं. तिकडे बर्फात कुळथाची पिठी शिजते की नाही, यावर दोन म्हाताऱ्यांचं भांडण लागलं.

त्यातच शेजारच्या सोनूबाईंनी मोठ्याने विचारलं, “काय रे धोंडू, मे महिन्यात मना गाडीतनं रत्नागिरीला न्हेनार बोललेलास. मग येतेय ना गाडी?”

सगळे धोंडूकडे बघायला लागले. करुणा डिकी लावत होती, तिचा हात थांबला. मला त्याच्यासाठी एखादं वाक्य सुचायला हवं होतं.

“गाडी नाय यायची, सोनूवैनी,” धोंडू म्हणाला. “तिचे टायर बर्फाचे हायत. आपलं ऊन त्यांना सोसायचं नाय.”

“अगो बाय! मग एवढी गाडी घेऊन उपेग काय आमाला?”

“तुमाला काय नाय.” त्याने मान ताठ केली. “तिकडं बर्फ पडला की रस्ता बंद होतो. तो खुला करायला जे पहिलं माणूस घराबाहेर पडतं, ते हिच्यासारखं. तिची गाडी तिथंच पायजे. तुमाला मी एस्टीनं न्हेईन रत्नागिरीला. खिडकीची जागा धरून.”

सोनूबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग त्या गाडीपाशी गेल्या आणि टायरवर हात ठेवून म्हणाल्या, “मऊ हाय गो. म्हशीच्या कानासारका.” त्यावर बाकीच्या बायकाही पुढे झाल्या आणि एकेकीने हात लावून पाहिला.

करुणा वडिलांच्या पाया पडायला वाकली, तर त्याने तिला अर्ध्यातच धरून उभं केलं. “जा,” म्हणाला. “चढावर घाई करू नको.” आणखी काही बोलायचं होतं बहुधा. तो गाडीच्या काचेवरचा नसलेला डाग पुसत राहिला.

वाडीपासून खालच्या सडकेपर्यंतचा रस्ता अजून मातीचाच आहे. गाडी वळणावर गेली तशी तांबडी धूळ उठून आमच्या अंगावर आली. मी तोंडावर रुमाल धरला, बायकांनी पदर घेतले. धोंडूची सारी नोकरी रस्त्याच्या कडेला उभं राहण्यात गेली. साहेबाची गाडी असो की मालाचा ट्रक, आली की बाजूला व्हायचं, टॉवेल तोंडावर घ्यायचा आणि धूळ बसेपर्यंत पाठ करून उभं राहायचं, अशी त्या माणसांची रीत. आज तो रस्त्याच्या मधोमध उभा होता. टॉवेल खांद्यावरच होता. भुवया, मिशा, सदरा, सगळं हळूहळू तांबडं होत गेलं, आणि तो गाडीच्या दिशेने तोंड करून डोळे उघडे ठेवून उभा राहिला.

धूळ बसल्यावरही त्याने तोंड पुसलं नाही.