घरी असणारा माणूस

वाळूजची नोकरी सोडून सोमनाथ घरी बसून डॉलर-रुपयाचे सौदे करायला लागला, त्याला चौदा महिने झाले होते. पुंडलिकनगरातल्या त्या तीन मजली इमारतीनं मात्र त्याचा अर्थ एवढाच लावला, की सोमनाथ दिवसभर घरी असतो. म्हणजे सगळ्यांचं कुरिअर त्यानंच घ्यायचं, गॅसची टाकी त्यानंच उतरवून घ्यायची, आणि सहा दिवसांनी नळाला पाणी आलं की मोटरही त्यानंच लावायची. खालच्या दमयंतीकाकू तर तोंडावर म्हणायच्या, "तुम्हाला काय हो, तुम्ही मोकळेच!" मोकळा कसला डोंबलाचा! नऊ ते पाच त्याला खुर्चीवरून उठायची चोरी होती.

आज तर जीव टांगणीला लागला होता. बायकोनं, संस्कृतीनं, सरळच सांगून टाकलं होतं, "या महिन्यात पंधरा हजार निघाले तर खुशाल घरी राहा. नाहीतर वाळूजचे साहेब परत बोलावतायत, त्यांना हो म्हणा." साहेब उत्तरासाठी आज पाचपर्यंतच थांबणार होते, आणि सोमनाथची महिन्याची पाटी अजून कोरी होती.

सकाळी त्यानं थोडी अनामत भरून एकोणसत्तर रुपये साठ पैशांनी लाखभर डॉलर घेतले, वर जातील या आशेनं. दुपारी भाव बेचाळीस पैशांवर घसरला. अठरा हजारांचा खड्डा! सोमनाथ उठला, बसला, पंखा वाढवला, कमी केला. ठरावीक तोट्यावर सौदा आपोआप तुटायची सोय असते, ती त्यानं केलीच नव्हती. आपण समोर बसलोयच की, हा तोरा. आता विकून सुटावं म्हणून बोट बटणावर गेलं.

"सोम्या! नळ आला रे! अन् मोटर पानी उचलंना!" जिन्यातून त्याचे वडील, आप्पासाहेब, ओरडले. अजिंठ्याकडची विहीर आटल्यापासून ते पोराकडं राहायला आले होते.

"दोन मिनिटं, आप्पा!"

"दोन मिंटं? सहा दिसानं आलंय लेका, तुझ्यासाठी थांबतंय व्हय?"

सोमनाथ सौदा तसाच सोडून चरफडत खाली गेला. मोटरीनं हवा धरली होती. आप्पांनी मांडी घातली, पान्यानं झाकण सैल केलं आणि तांब्यानं हळूहळू पाणी ओतायला लावलं. दोनदा मोटर नुसतीच घरघरली, तिसऱ्यांदा पाणी वर चढलं. बापलेक गुडघ्यापर्यंत भिजले. "लई दिसांनी हाताला काम भेटलं बघ," म्हणत आप्पा हसले, आणि सोमनाथही हसला. टाकी भरेपर्यंत पाऊण तास डॉलर त्याच्या मनातही आला नाही.

आला तेव्हा तांब्या तिथंच टाकला. धावत वर येऊन बघतो तर भाव सत्याहत्तर पैशांवर! त्यानं ओल्या हातानंच विकून टाकलं.

"आप्पा, सतरा हजार सुटले!"

"इतक्यात? पर तू तर खाली होतास की," आप्पा भाबडेपणानं म्हणाले आणि कौतुकानं सांगायला खाली पळाले.

सोमनाथ मात्र तिथंच थिजला. त्यानं जुने सौदे काढून बघितले. दर वेळी घाबरून विकलेलं, आणि बहुतेक वेळा भाव नंतर फिरलेला. आजही पाणी आलं नसतं तर अठरा हजार घालवून बसलो असतो. आणि आता पुढचे पाच दिवस नळाला पाणी नाही. शरमेनं त्याचे कान तापले.

पाचला वीस मिनिटं कमी होती. त्यानं फोन लावला. खालून आप्पांचा आवाज येत होता, "घरी बसून डालरचा धंदा करतो माझा पोरगा, दमयंतीबाई! तासाभरात सतरा हजार!" चौदा महिन्यांत बापानं पहिल्यांदाच त्याच्या कामाचं नाव चारचौघांत घेतलं होतं.  सोमनाथनं खिडकी हळूच लावून घेतली.

"साहेब, सोमवारपासून येतो."

आप्पा धापा टाकत दारात आले. "कोनाचा फोन रे? गिऱ्हाईक का?"

"व्हय, आप्पा," सोमनाथ म्हणाला.