सुलेखाबाईंची 'शिक्षा'

मित्रांनो, सिंगापुरात टॅम्पिनीसच्या एका फ्लॅटमध्ये, चपलांच्या कपाटावर काळा लोखंडी ठोकळा दिसतो, तो मी. मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे. माझी मालकीण सुलेखा ही कॅनडातली नावाजलेली कादंबरीकार आणि निबंधकार. पुण्याहून टोरांटोला जाताना तिने मला साड्यांत गुंडाळून नेलं. पहिले दोन हिवाळे ती माझ्यावर मराठीत लिहायची. कुणी छापलं नाही. मग ती इंग्रजीकडे वळली आणि तिचं नशीब उघडलं. पाच कादंबऱ्या, बक्षिसं, भाषणं! मी तळघरात, बर्फाच्या बुटांखाली.

मातृभाषा जपावी, यावर तिने इंग्रजीत काय सुरेख निबंध लिहिले! घरात मुलाशी, निहारशी, मात्र मराठीतून बोलली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मला तिचा राग येई. अजूनही येतो.

म्हातारपणी ती सिंगापूरला निहारकडे राहायला आली. येताना मला आणलं, नवी रिबन घातली आणि वर्षभर खपून मराठीत कादंबरी लिहिली. मुलाला आपली भाषा न दिलेल्या आईची. नाव 'शिक्षा'. खरं तर ती निहारची माफी मागत होती. पण निहारला मराठी वाचता येईना. त्याची मुलगी गार्गी शाळेत हिंदी शिकते. तिने कागद उचलले आणि आपल्या 'लाह'वाल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं,

"आजी, शिक्षा मीन्स एज्युकेशन, राइट? सेम अ‍ॅज हिंदी, लाह!"

'ध'चा 'मा' करायला निदान लेखणी तरी लागली होती. इथे अक्षर तेच राहिलं आणि अर्थ फिरला. अगं सांग ना बाई, शिक्षा म्हणजे पनिशमेंट! पण मग कुणाला आणि कशाबद्दल, हेही सांगावं लागलं असतं. कुठल्या तोंडाने सांगणार?

"हो बाळा," सुलेखा म्हणाली.

गार्गीने जमेल तेवढं वाचलं, न कळलेलं मनाने जुळवलं आणि वडिलांना इंग्रजीत लिहून दिलं. ते वाचून निहारने आईला मिठी मारली.

"अ होल बुक अबाउट माय एज्युकेशन! थँक यू, मॉम."

"यू आर वेलकम," ती म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याजवळ बसलेली नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल, मला तेलही नको. आज घरी आईला तिच्या भाषेत एवढंच विचारा, "तुला काय म्हणायचं होतं?" ती "काही नाही" म्हणाली, तर उठून जाऊ नका.