कुझमानची टोपी

वीस वर्षं मी मागून गोंद असलेल्या व्हिनाइलवर चित्रं छापतो आणि त्यांच्या कडेकडेने कापून देतो. गिऱ्हाईक कोणीही असो, एक गोष्ट आधीच बजावतो: छापल्यावर शाई एक दिवस वाळू द्यायची. हाताला कोरडी लागते, पण आत ओली असते. तशीच वर पारदर्शक फिल्म चढवून कापलं, तर कडा वळतात. ज्याला दम धरवत नाही त्याने दुसरं दुकान बघावं.

मंगळवारी सकाळी गीना आजी आली, गेलेल्या नवऱ्याचा, कुझमानचा फोटो घेऊन. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो कागदावर छापून फाटकावर लावतात आणि दरवर्षी नवा लावतात. फाटकावरचा कागद पावसाने पांढरा पडला की समजायचं, या घरात आता कोणी उरलं नाही. आजीची मुलगी तिला कायमची स्पेनला नेत होती, बुधवारी सकाळच्या बसने. कुझमानचा कागद पुढे बदलणार कोण? म्हणून तिला टिकणारं काहीतरी हवं होतं.

काळी चौकट नको, नुसता कुझमान हवा, तिरक्या टोपीसकट. मी म्हटलं, भोवती बारीक पांढरी कड ठेवू, सुरी जरा सरकली तरी दिसत नाही. आजी म्हणाली, "पांढरी झालर कशाला? तो काय नवरी आहे?" झालं, मग पांढरं कुठे दिसू नये म्हणून कापायच्या रेघेबाहेर दोन मिलिमीटर रंग पसरवला. टोपीचं टोक थोडं गोल केलं, कारण व्हिनाइल टोकापासूनच सुटतं. चार कोपऱ्यांत खुणा छापल्या, त्यावरून मशीनला जागा सापडते. आधी तुकड्यावर सुरी चालवून पाहिली. व्हिनाइल कापलं गेलं, खालचा कागद शाबूत.

मग सांगितलं, गुरुवारी मी स्वतः येऊन लावतो.

"मला लावलेला बघू दे रे पोरा," आजी म्हणाली. "मग मी निवांत बसमध्ये बसते."

एरवी मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही, पण तिथे विरघळलो. दोन प्रती छापल्या. एक वाळत टांगली. दुसरी तीन तास हीटरपुढे धरली, फिल्म चढवली, कापली. आजीला व्हॅनमध्ये बसवून तिच्या गावाला गेलो, लोखंडी फाटक स्पिरिटने पुसलं आणि मधून बाहेर दाबत दाबत कुझमानला बसवलं. आजीने त्याची कॉलर उगाच सारखी केली आणि मला घरी गाळलेल्या राकियाची, फळांच्या दारूची बाटली दिली. हा टिकणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण आजी जाईल, मी गुरुवारी गुपचूप बदलीन, तिला काय कळतंय, असा माझा शहाणपणा.

गुरुवारी दुसरी प्रत घेऊन पोचलो, तर फाटकाशी खुर्ची टाकून आजी बसलेली. पायाशी बॅग. तळवा कुझमानच्या टोपीवर.

मी विचारलं, "बस?"

"गेली. काल निघताना बघितलं, टोपी सुटली होती. दाबली की बसते, सोडली की उठते. असा टाकून कशी जाऊ?"

तिकीट वाया गेलं म्हणून मुलगी फोनवर खूप ओरडली होती. आता शनिवारची बस होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं सांगून टाकलं, दोन प्रतींचंसुद्धा. आजी रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "मग मला का नाही सांगितलंस? मी शनिवारीच गेले असते."

केस वाळवायच्या मशीनने जुना गरम करून सोलला, गोंद पुसला, पुन्हा स्पिरिट फिरवलं आणि नीट वाळलेला कुझमान लावला. सगळ्या कडांवरून नख फिरवून पाहिलं. कुठेही उचलत नव्हता. तेवढ्यात आजीने खुर्ची पुढे ओढली आणि तळवा परत टोपीवर ठेवला.

"सोडा आता, आजी. हा नाही उठायचा."

"माहीत आहे," आजी म्हणाली आणि तशीच बसून राहिली.