मास्तरांचा गुप्त आकडा

मुलांनो, मोबाइल छातीशी धरून गुप्त आकडा टाकणारा एक आजोबा डोळ्यांसमोर आणा. तो अतिशहाणा म्हणजे मी. पैसे गुंतवायच्या ॲपवर मी नवं खातं उघडलं होतं, सगळी पुंजी त्यात होती. ॲपवाल्यांनी माझी माहिती सात कुलपांआड ठेवली होती आणि हा आकडा कुणालाही सांगू नका, असं बजावलंही होतं. मी सख्ख्या नातीलासुद्धा जवळ फिरकू दिलं नाही.

पण जन्मभर फळ्यावर लिहिताना मोठ्याने म्हणायची सवय! "चार... नऊ... नऊ..." आवाज कसा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

खिडकीखालच्या दुकानातून शिंपी ओरडला, "मास्तर, चौथा आकडा राहिला की!"

नातीने कपाळावर हात मारला. "आजोबा, तुमची पुंजी गल्लीभर वाटायचीय का?"

"अगं, मी कुणाला दाखवला का?"

"दाखवला नाहीत, दवंडी पिटलीत! आता नवा आकडा टाका, तोंड मिटून."

मी मोबाइल पुन्हा छातीशी धरला. तिने खिडकी लावली, माझ्याकडे पाठ फिरवली आणि स्वतःच्याही कानांत बोटं घातली.