राजांची जोडी

अर्विनने दोन्ही पत्त्यांचे कोपरे अंगठ्याने जरासे उचलले आणि मागच्या खुर्चीत बसलेल्या त्याच्या बायकोला, लोरेटाला, राजांची जोडी दिसली. तिने लगेच छताकडे बघितलं. मागे बसणाऱ्याचा चेहरा बोलायला लागला की लोक उठवून लावतात, आणि बरोबरच करतात.

अर्विनने पैशांच्या चकत्या, चिप्स, पुढे सरकवल्या. समोरच्या डेव्हनने, टोपीवाल्या दांडगट पोराने, लावायची रक्कम वाढवली. अर्विनने त्यावर पुन्हा वाढवली. इथवर लोरेटाला काळजी नव्हती.

काळजी होती ती टेबलाची. स्टॉकटनच्या या पत्त्यांच्या क्लबात अर्विन आयुष्यभर लिमिट प्रकारचा पोकर खेळला. लिमिटमध्ये एका वेळी किती लावायचं ते ठरलेलं, आणि वाढवायचं तेही तीनदाच. राजांची जोडी आली की डोळे मिटून वाढवत जायचं. हरलात तरी फार तर जेवणाचे पैसे जातात. पण आज म्हातारी मंडळी पुरेशी जमलीच नाहीत, लिमिटचं टेबल लागलं नाही, आणि मॅनेजरने याला नो-लिमिटवर बसवलं. तिथे कुणीही, कधीही, आपल्यासमोरचा चिप्सचा सगळा ढीग मध्ये लोटू शकतो. मग राजांची जोडी गोड वाटते आणि गळ्याशी येते. लोरेटाने बसताना त्याला हे बजावलं होतं.

"माहितीये गं. मला काय शिकवतेस?" तो म्हणाला होता.

डेव्हनने दोन्ही हातांनी आपला ढीग मध्ये लोटला.

अर्विन बघतच राहिला. आधी चिप्सकडे, मग पत्ते वाटणाऱ्या थुईकडे. ती त्याचीच वाट बघत होती. लोरेटाने मांडीवरची पर्स घट्ट धरली. लिमिटवाला माणूस राजे टाकून डाव सोडत नाही, हाडातच नसतं ते. आता हा सगळं घालवणार, आणि त्यांच्या मुलीला, जोलीनला, आयतं कोलीत मिळणार.

अर्विनने पत्ते उलटे केले, दोन्ही राजे सगळ्यांना दिसतील असे, आणि शांतपणे थुईकडे सरकवले.

डेव्हनने मान हलवली आणि आपले पत्ते उघडले. दोन एक्के, राजांच्याही वरचे.

"काका, तुम्ही माणूस आहात की एक्सरे?" तो म्हणाला.

कुणीतरी बोटांच्या पेरांनी टेबलावर टकटक केली, मग सगळ्यांनीच. चांगल्या खेळाला इथे अशीच दाद देतात, आणि ती उगाच कुणाला मिळत नाही. अर्विन हसला. लोरेटाचा ऊर भरून आला. ती उठली आणि थेट बाहेर पार्किंगमध्ये जाऊन तिने मुलीला फोन लावला.

"जोलीन, सोमवारची ती डॉक्टरीण रद्द कर."

"आई, पुन्हा तेच नको. बाबांनी परवा आपल्याच गल्लीतून फोन करून मला घर विचारलं."

"दमला होता तो. आत्ता काय केलं ऐक. समोर एक्के असणार हे ओळखून राजे टाकले त्याने. भल्याभल्यांची छाती होत नाही. ज्याचं डोकं गेलंय तो असं करेल?"

"पण आई—"

"तुला पत्त्यांतलं काय कळतं? रद्द कर."

जोलीनने सुस्कारा सोडला. "बरं बाई. करते फोन."

लोरेटा आत आली तेव्हा अर्विन टेबल सोडून कोपऱ्यात नूडल्सचा वाडगा घेऊन बसला होता. ती समोर बसली आणि त्याच्या वाडग्यातलाच एक घास तिने घेतला.

"ओळखलंस कसं रे?"

"काय?"

"त्याच्याकडे एक्के आहेत ते."

"एक्के होते होय?" अर्विन म्हणाला. "मी कुठे बघितलं."

"मग राजे टाकलेस कशाला?"

"टाकले कुठे? परत दिले." त्याने चमचा खाली ठेवला. "त्या पोराने सगळा ढीगच लोटला की मध्ये. असं चालतं का कधी? वाटलं, डाव बाद झाला. थुई सगळ्यांचे पत्ते गोळा करेल आणि पुन्हा वाटेल."

लोरेटाच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"तर तिने वाटलेच नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला. "उलट सगळे टेबल वाजवायला लागले. मला काही कळेना. म्हटलं, सगळे हसतायत तर आपणही हसावं."

"अरे, नो-लिमिटवर बसला होतास तू. मी सांगितलं नव्हतं?"

"कधी?"

तेवढ्यात डेव्हन कॉफी घेऊन जवळून गेला आणि जाता जाता अर्विनच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "काका, आजचा दिवस तुमचा."

अर्विन हसला. अगदी मघासारखंच, ऐटीत. लोरेटाला ते हसू घरातही ओळखीचं होतं. शेजारणीशी बोलताना तो असाच हसायचा, नातवंडांचे फोटो बघतानाही. कधीपासून, ते तिला आठवेना.

"माझं काही चुकलं का गं?" त्याने विचारलं.

"नाही रे. जेव तू."

तिने पर्समधून फोन काढला आणि तिथेच, त्याच्या समोर बसून, जोलीनला लावला.

"दवाखान्यात फोन केलास का गं?" ती म्हणाली. "नसशील केला, तर राहू दे ती सोमवारची वेळ."