खुर्दाद १३५७

"चष्मा फुटलाय रे, निजाम. सोमवारी ये," असं म्हणताना अनंतरावांनी सदऱ्याच्या खिशावर हात दाबून धरला. चष्मा त्या खिशातच होता आणि चांगला धडधाकट होता.

"काय घाई नाय, पंत," दारात उभा असलेला निजामुद्दीन म्हणाला. "फकस्त तीस तारखंच्या आत कागद मुंबईला गेला पायजे. नाय तं हबीबला भेटलेली परवानगी बाद व्हती म्हने. तुमी डोळ्याला जपा."

कागद तिथंच ठेवून तो सायकलवर टांग मारून गेला. आतून मेथी निवडता निवडता कालिंदीबाई म्हणाल्या, "खिशात वाकडा होईल हो चष्मा."

अनंतरावांनी ऐकलं नाही असं दाखवलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात एवढी एक कला त्यांना उत्तम साधली होती.

निजामुद्दीनचा कागद म्हणजे त्याचा आणि शमशादचा निकाहनामा. त्याचा हबीब कुवेतला होता. एसी दुरुस्त करता करता सुपरवायझर झाला, आणि आता आईबापाला कायमचं तिकडे नेतो म्हणत होता. त्यासाठी त्यांचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, काढायचा होता. मुलानं बापाला बोलवायचं तर बाप कोण ते सिद्ध करा, आईला बोलवायचं तर ती बापाची बायको असल्याचं सिद्ध करा. जिनं नऊ महिने पोटात वागवलं तिचासुद्धा पुरावा लागतो, असा तो कारभार.

निकाहनामा उर्दूत होता. मुंबईच्या एका एजंटानं त्याचं इंग्रजी करून दिलं आणि तिथंच माशी शिंकली. कागदावर 'खुर्दाद १३५७' अशी तारीख होती. त्या शहाण्यानं तो आकडा हिजरी धरला आणि लग्नाचं साल काढलं एकोणीसशे अडतीस. अर्जात निजामुद्दीनचा जन्म सत्तावीस सालचा. नवरदेव अकरा वर्षांचा! कागद खोटा ठरून अर्ज परत आला. खुर्दाद हा निजाम सरकारच्या फसली सालातला महिना, हे आता शहाऐंशी साल उजाडल्यावर ठाऊक कुणाला? पोलीस ॲक्शनबरोबर ती कालगणनाही बुडाली होती. ती बोटांवर मोजून सांगणारा आणि नोटरीपुढे शिक्का मारून देणारा औरंगाबादेत एकच माणूस उरला होता, आणि त्याचा चष्मा फुटला होता.

दोघं लासूर स्टेशनच्या उर्दू शाळेत एकाच बाकावर बसत. पुढे अठ्ठेचाळीस साली एकाच कचेरीत लागले. अनंतराव चढत चढत अव्वल कारकून झाले आणि निजामुद्दीन अभिलेख खोलीत दफ्तरबंद राहिला, गठ्ठे सोडायचे, गठ्ठे बांधायचे. कचेरीत तो 'पंत' म्हणू लागला, 'तुम्ही' म्हणू लागला, आणि अनंतरावांनी कधी नको म्हटलं नाही. हबीबला इंग्रजी त्यांनीच शिकवलं, गारखेड्याच्या याच ओट्यावर. तेव्हा आत खोलीत त्यांचा विश्वास इंजिनियरिंगचा अभ्यास करत होता. पहिल्या वर्गात आलेला, अमेरिकेला गेलेला विश्वास.

विश्वासनंही परवाने काढले होते. सासूसासऱ्यांचे. 'बाबा, इकडची थंडी तुम्हाला झेपणार नाही,' असं त्यानं लिहिलं होतं. सासऱ्यांना संधिवात असून ती कशी झेपते, हे लिहायचं राहून गेलं असावं.

आता खरं सांगायचं तर अनंतराव जळत होते. निजामुद्दीन 'हबीब असं म्हणतो, हबीब तसं म्हणतो' सुरू करायचा, की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं. अर्ध्या तासाचं काम होतं. पण एजंटाची चूक त्यांच्या जिवाला गोड लागली होती. आपण काहीच वाईट करत नाही, नुसती तारीख जाऊ देतोय, असं ते स्वतःला समजावत होते.

"विश्वासनं बोलावलं नाही त्याचा राग निजामभाईंच्या कागदावर कशाला?" संध्याकाळी कालिंदीबाईंनी सरळच विचारलं.

"मी कुठं रागावलोय?"

"आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. मला पण नातवाला बघावंसं वाटतं. म्हणून शमशादचा नातू मी अडवून धरू का?"

अनंतराव उठून मागच्या अंगणात गेले.

सोमवारी निजामुद्दीन एकटा आला नाही. सोबत शमशाद होती आणि तिच्या हातात डबा होता. "भाभी, नानखटाई. घरच्या तुपाची," ती कालिंदीबाईंना म्हणाली आणि ओट्यावरच बसली. निजामुद्दीननं खिशातून एक चष्मा काढला.

"माजा हाय, पंत. नंबर लागतो का बघा. नाय तं बाजारातून दुसरा आनतो."

अनंतरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "झाला दुरुस्त," ते पुटपुटले आणि कपाटाकडे गेले. कागद कुठं ठेवलाय ते आठवलं आणि त्यांचे हात जागीच थांबले. पण निजामुद्दीन मागोमाग आत आला होता, जन्मभर कपाटं उघडून द्यायची सवय त्याला. वरच्या खणात एक निळं पुस्तक होतं आणि निकाहनामा त्याच्या पोटात घडी घालून ठेवलेला होता.

"हा पासपोर्ट? तुमचा?" निजामुद्दीनचा चेहरा उजळला. "या अल्ला! पंत, बोलले नाय कधी! शमशाद, सुना क्या? पंत भी जा रहे! विश्वासनं बोलावलं ना?"

अनंतरावांनी उंबऱ्याकडे पाहिलं. कालिंदीबाई तिथं येऊन उभ्या होत्या.

"हो," अनंतराव म्हणाले. "बघू. पुढच्या वर्षी."

"लई चांगलं झालं. खरं सांगू, माजा जीवच लागत नव्हता. मी चाललो अन् तुमी दोघं हितंच. शमशादला बोललो, नको जाऊ आपन. मंग ही रडती." बोलता बोलता त्यानं कौतुकानं पासपोर्ट उघडला.

निजामुद्दीनला इंग्रजी येत नव्हतं. पण पस्तीस वर्षं त्यानं दफ्तरं हाताळली होती. कोणता कागद फिरलाय आणि कोणता नुसता पडून आहे, हे त्याला बोटांनी कळायचं. त्यानं एक पान उलटलं, दुसरं उलटलं. सगळी कोरी होती आणि एकमेकांना चिकटलेली होती. पुस्तक एकाच जागी उघडत होतं, जिथं त्याचा निकाहनामा चार दिवस दडपून ठेवलेला होता. पहिल्या पानावरच्या शिक्क्यातली तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. आकडे त्याला वाचता येत होते.

त्यानं कागद काढून घेतला, पासपोर्ट मिटला, सदऱ्याला पुसला आणि दोन्ही हातांनी अनंतरावांना दिला.

"नीट ठेवा," एवढंच म्हणाला.

मग अनंतराव लिहायला बसले. खुर्दाद म्हणजे एप्रिल. तेराशे सत्तावन्नात पाचशे एक्क्याण्णव मिळवले, एकोणीसशे अठ्ठेचाळीस. खरं तर मोजायची गरज नव्हती. रझाकारांच्या त्या धामधुमीत, घरच्यांनी आडवं पडून अडवलं असताना, ते या लग्नाला चालत गेले होते. भाषांतराखाली त्यांनी आपणहून ओळ वाढवली, 'मी स्वतः या विवाहास हजर होतो', आणि सही केली.

"नवीन फॉर्मही आजच भरू," ते खाली मान घालून म्हणाले. "उद्या नोटरीचा शिक्का घेऊन मीच मुंबईला रजिस्टर करतो."

नाव, गाव, जन्मसाल. एकेक रकाना ते मोठ्यानं वाचत होते आणि निजामुद्दीन सांगत होता. शेवटच्या रकान्याशी ते आले.

"हिंदुस्तानात मागं राहणारा जवळचा माणूस. नाव आणि पत्ता."

निजामुद्दीनला पैठणला सख्खा भाऊ होता. अनंतराव पेन टेकवून थांबले.

"तेरा लिख," निजामुद्दीन म्हणाला.

अडतीस वर्षांनी त्यानं त्यांना 'तू' म्हटलं होतं. अनंतरावांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग चष्मा काढला आणि काच पुसू लागले, बराच वेळ पुसत राहिले.